स्लॅब टाकण्यापूर्वी : घर बांधणाऱ्या कुटुंबांस चार हिताच्या गोष्टी

मनुष्य कपडे दरसाल शिवतो, भांडीकुंडी प्रसंगाप्रसंगाने घेतो. घर मात्र तो बहुधा आयुष्यात एकदाच बांधतो. त्यामुळे घर बांधण्याचा अनुभव त्याच्या गाठीस येतो तो घर बांधून झाल्यावर, आणि तेव्हा त्या अनुभवाचा त्याला स्वतःला काडीचाही उपयोग राहिलेला नसतो. बाजारात पाव किलो वांगी घेताना प्रत्येक वांगे उलटून पाहणारी आमची गृहिणी आणि विजेच्या बिलातला एक रुपयाही ताडून पाहणारे आमचे यजमान, ही दोघे भविष्यनिर्वाह निधीची सारी रक्कम, किंवा आखातात नोकरीस असलेल्या मुलाने पाठविलेले पैसे, “ओळखीचा माणूस आहे” एवढ्या विश्वासावर एखाद्या ठेकेदाराच्या हाती सोपवितात, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

बेळगाव-खानापूरकडे आणि गोव्यात पूर्वी घर म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती आणि वर मंगलोरी कौले. एखादे कौल फुटले तर पावसाची धार कोठून येते ते घरातल्या पोरासही दिसे, आणि एका दुपारी शिडी लावून ते कौल बदलता येई. काँक्रीटच्या घराचे तसे नाही. सळया कोठे ठेवल्या, पाणी किती घातले, सिमेंट ताजे होते की जुने, या साऱ्या गोष्टी ज्या दिवशी स्लॅब टाकला जातो त्याच दिवशी संध्याकाळी कायमच्या झाकल्या जातात. वरून गिलावा आणि रंग चढला म्हणजे उत्तम स्लॅब आणि निकृष्ट स्लॅब दिसावयास सारखेच. म्हणून जे पाहावयाचे ते आधी पाहिले पाहिजे, जे विचारावयाचे ते आधी विचारले पाहिजे, आणि जे ठरवावयाचे ते पैसे देण्यापूर्वी कागदावर आले पाहिजे. या लेखाचे सांगणे एवढेच आहे.

एका घराची हकीकत

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शाळामास्तर. बेळगाव शहराच्या कडेला त्यांनी लहानसा भूखंड घेऊन ठेवला होता. निवृत्तीनंतर त्यांनी घर काढले. तीन ठेकेदारांनी दर सांगितले. त्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम दिले. करारपत्र केले नाही, कारण मागणे त्यांना संकोचाचे वाटले.

स्लॅबच्या दिवशी आम्हीही तेथे गेलो होतो. मे महिना सरत आला होता, आकाशात वळवाचे ढग जमत होते आणि ठेकेदारास पावसाआधी काम उरकावयाचे होते. मजुरांसाठी मास्तरांच्या पत्नींनी मटणाचे जेवण केले होते. दुपारनंतर काँक्रीट घट्ट वाटू लागले तेव्हा एका मजुराने नळी उचलून त्यावर सरळ पाणी सोडले. त्या बाईंनी विचारले, “अहो, एवढे पाणी चालते का?” ठेकेदार हसून म्हणाला, “बाई, पाण्याशिवाय माल सरकत नाही. तुम्ही काळजी करू नका.” त्यांना ते पटले नव्हते, पण सभोवती उभे असलेले पुरुष काहीच बोलत नाहीत असे पाहून त्याही गप्प राहिल्या. त्या न बोलणाऱ्या पुरुषांत आम्हीही होतो.

सहाव्या दिवशी, सेंट्रिंग दुसऱ्या कामावर हवे म्हणून, खालचे टेकू काढले गेले. जुलैत बैठकीच्या छताला ओल आली. पुढे बाल्कनीच्या मुळाशी आडवी भेग दिसू लागली. इंजिनियरास बोलावून एके ठिकाणी फोडून पाहिले, तो बाल्कनीच्या वरच्या अंगास असावयाच्या सळया मजुरांच्या पायांखाली दबून तळाशी गेलेल्या. बाल्कनी तोडावी लागली. ठेकेदाराने फोन घेणे बंद केले. आणि लेखी काहीच नसल्याने त्याने नेमके काय कबूल केले होते हे सांगावयास मास्तरांपाशी स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता. मुलीच्या लग्नासाठी बाजूस ठेवलेली रक्कम त्या दुरुस्तीत गेली.

या हकीकतीतील एकही चूक दैवाची नव्हती. प्रत्येक चूक आधी कळण्याजोगी आणि थांबविण्याजोगी होती. तेव्हा ती कशी थांबवावी हे क्रमाने पाहू.

माणसाची पारख

पहिली गोष्ट ही की, नगरपालिकेने अगर पंचायतीने मंजूर केलेला नकाशा म्हणजे बांधकामाचा आराखडा नव्हे. मंजुरीच्या नकाशात खोल्या व मोकळी जागा दिसते. कोणत्या कॉलममध्ये किती जाडीच्या किती सळया, कोणत्या बीमला किती रिंगा, हे त्यात नसते. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियराकडून वेगळे नकाशे करून घ्यावे लागतात. ही फी वाचविणे म्हणजे वैद्याची फी वाचवून औषध स्वतःच्या मनाने घेणे होय. ठेकेदार “आम्ही वीस वर्षे स्लॅब टाकतो, नकाशा कशाला?” असे म्हणाला, तर तेथेच नमस्कार करून उठावे.

दुसरी गोष्ट जमिनीची. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेस तांबडी, जांभ्याची जमीन आहे, पूर्वेस काळी. इंदूर आणि बडोदे येथील आमच्या वाचकांस तर काळी माती चांगलीच ठाऊक आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतीही तिच्याबरोबर हलतात. म्हणून खड्डा खणून खालचा थर पाहिल्याशिवाय जो पायाचा दर सांगतो, तो अंदाजाने बोलतो असे समजावे.

तिसरी गोष्ट ठेकेदाराच्या जुन्या कामांची. तो आपले सर्वांत नवे, रंग न वाळलेले घर दाखवील. आपण त्याला पाच वर्षांपूर्वीचे घर दाखवावयास सांगावे, आणि जमल्यास ते पावसाळ्यात पाहावे. तेथे यजमानांइतकेच गृहिणीसही विचारावे. छत कोठे ठिबकते आणि दुरुस्तीस बोलावल्यावर ठेकेदार आला की नाही, हे तिच्याइतके कोणालाच माहीत नसते. कामावर तो स्वतः उभा राहणार की दुसऱ्या मिस्त्रीस काम देऊन मोकळा होणार, आणि मिक्सर, व्हायब्रेटर व सेंट्रिंग त्याचे स्वतःचे की भाड्याचे, हेही विचारावे. भाड्याचे सेंट्रिंग परत करण्याची घाई अखेर आपल्या स्लॅबच्या मुळावर येते.

दर आणि करारपत्र

“चौरस फुटास इतके” हा दर ऐकावयास सोपा, पण त्यात भांडणाचे बीज असते. कोणता चौरस फूट? बाल्कनी, जिना, छज्जे, माळे, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी ही मोजमापात धरली आहेत की त्यांचे पैसे निराळे? दर केवळ मजुरीचा आहे की सामानासह? हे न विचारता तीन ठेकेदारांचे दर शेजारी मांडून पाहणे व्यर्थ आहे. कमी दराच्या ठेक्यात बहुधा अर्धे काम बाहेर ठेवलेले असते, नाही तर सामान कमी धरलेले असते.

सामानाचा पडताळा मालकालाही घेता येतो. समजा, १००० चौरस फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब आहे. त्याचे घनफळ सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे जवळजवळ १२ घनमीटर भरते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या नेहमीच्या प्रमाणात एका घनमीटरास सुमारे ८ पोती सिमेंट लागते. म्हणजे बीम सोडून केवळ स्लॅबलाच ९५ पोती हवीत. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात ७० पोती दिसली, तर उरलेली कोठे गेली असे शांतपणे विचारावे.

करारपत्र लहान असले तरी चालेल, पण त्यात पुढील गोष्टी असाव्यात : काँक्रीटची प्रत, सळयांची प्रत, सिमेंटचा प्रकार, मोजमापाची रीत, पाणी व वीज कोणाची, काम पुरे करण्याची मुदत, मजुरांच्या विम्याची आणि अपघाताची जबाबदारी, आणि दोष निघाल्यास तो किती काळपर्यंत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. पाया, जोते, भिंती, स्लॅब, गिलावा असे टप्पे पाडावेत. उचल जितकी कमी तितकी बरी. शेवटची काही रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी आणि हे करारात आधीच लिहावे. मध्येच काही बदल केला तर त्याचा दर त्याच दिवशी वहीत मांडून दोघांनी सही करावी. लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे कित्येकांना वाटते. खरे पाहता, सचोटीच्या ठेकेदारालाही कागदच वाचवितो.

सामान कसे पाहावे

सिमेंटच्या पोत्यावर आयएसआयची खूण आणि ते कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाले हे छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट परीक्षा केल्याशिवाय वापरू नये. दमट हवेत पडून राहिले की त्याचा जोर कमी होतो. हाताला गुठळ्या लागल्या व त्या चिमटीत फुटेनात, तर ते पोते परत करावे.

सळयांवर त्यांची प्रत उमटविलेली असते. एफई ५०० किंवा एफई ५०० डी अशी अक्षरे पाहून घ्यावीत. वजनाचा हिशेब सोपा आहे. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी, तिला तिनेच गुणावे आणि १६२ ने भागावे. एका मीटरचे वजन किलोत मिळते. ८ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.३९५ किलो, १० ची ०.६१७ आणि १२ ची ०.८८९ किलो भरते. थोडा फरक चालतो. फार हलकी भरली तर ती जाडीत कमी आहे.

वाळूची परीक्षा घरातल्या काचेच्या बरणीत होते. बरणी अर्धी वाळूने भरावी, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खूप हलवावी आणि काही तास ठेवून द्यावी. वाळू खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा थर दिसतो. तो वाळूच्या उंचीच्या सुमारे आठ टक्क्यांहून जाड असेल, तर ती वाळू धुतल्याशिवाय घेऊ नये. गोव्याच्या वाचकांनी खाडीच्या खाऱ्या वाळूपासून विशेष दूर राहावे. तिच्यातील क्षार आतले लोखंड गंजवितात, लोखंड गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. पाण्याविषयी साधा नियम असा की, जे पिण्यास योग्य ते काँक्रीटला योग्य.

भारतीय मानक संस्थेच्या आयएस ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीत सळयांच्या काँक्रीटसाठी किमान प्रत एम-२० सांगितली आहे. म्हणजे २८ दिवसांनंतर त्याने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सहन केला पाहिजे. समुद्रकाठच्या हवेत मात्र तिने एम-३० ही प्रत आणि सळयांवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. मापाच्या पेट्यांनी ठरीव प्रमाणात काँक्रीट करण्याची मुभा एम-२० पर्यंतच आहे. त्याहून वरच्या प्रतीसाठी प्रयोगशाळेतून प्रमाण ठरवून घ्यावे लागते, किंवा तयार काँक्रीट मागवावे लागते.

स्लॅबचा दिवस

आदल्या दिवशी इंजिनियरास बोलावून सळया तपासून घ्याव्यात आणि त्यांनी सही केल्याशिवाय मिक्सर सुरू होऊ देऊ नये. सळया फळ्यांना चिकटून नसाव्यात. त्यांच्याखाली कव्हर ब्लॉक हवेत, खडीचे तुकडे किंवा विटांचे कपचे नकोत. टेकू घट्ट जमिनीवर, खाली जाड फळी घालून, ओळंब्यात उभे असावेत. बाल्कनीच्या आणि भिंतीबाहेर झुकणाऱ्या छज्ज्याच्या मुख्य सळया वरच्या अंगास असतात, कारण तेथे ताण वर येतो. त्या वर राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली लोखंडी घोड्या बसवाव्यात, आणि मजुरांना चालावयास निराळ्या फळ्या टाकाव्यात. मास्तरांची बाल्कनी एवढ्याच एका गोष्टीसाठी गेली.

आता पाण्याविषयी. अमेरिकेतील संशोधक डफ एब्रॅम्स यांनी १९१८ साली असे दाखवून दिले की, काँक्रीटची ताकद सिमेंटच्या तुलनेत पाणी किती आहे यावर मुख्यतः अवलंबून असते. जास्तीचे पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही. ते पुढे उडून जाते आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या ठेवून जाते. त्याच पोकळ्यांतून पावसाचे पाणी आत शिरते. एम-२० च्या ठरीव प्रमाणात ५० किलोच्या एका पोत्यास ३० लिटर पाणी सांगितलेले आहे, आणि ओल्या वाळूत जे पाणी असते तेही त्यातच धरावयाचे असते. म्हणून मिक्सरजवळ खुणेची बादली ठेवावी आणि नळी दूर ठेवावी. वाळू-खडी घमेल्यांनी न मोजता मापाच्या पेटीने मोजावी. एका पोत्यातील सिमेंटचे घनफळ सुमारे ३५ लिटर असते. प्रत्येक घाणा मिक्सरमध्ये निदान दोन मिनिटे फिरला पाहिजे. माल सरकत नाही असे वाटले तर व्हायब्रेटर चालवावा. व्हायब्रेटर पुरेसा न चालल्यास मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडते, म्हणून एक बंद पडला तर दुसरा हाताशी असावा.

त्याच दिवशी १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे भरून घ्यावेत. तीन ठोकळ्यांचा एक नमुना. १२ घनमीटरच्या स्लॅबला असे दोन नमुने हवेत. ते २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून पाहतात. अनेक इंजिनियरिंग महाविद्यालयांत ही सोय असते. ठोकळे भरले जाणार आहेत हे आधी कळले म्हणजे कामावरची माणसेही हात राखून पाणी घालतात, हा याचा दुसरा लाभ.

तयार काँक्रीट गाडीतून येत असेल, तर चलनावरील प्रत आणि गाडी निघाल्याची वेळ वाचावी, आणि गाडी रिकामी होताना ड्रममध्ये कोणी पाणी सोडीत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे.

स्लॅबनंतरचे दिवस

सिमेंट वाळून घट्ट होते असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होते, आणि ही क्रिया कित्येक दिवस चालते. म्हणून काँक्रीटच्या आत पाणी मोजून घालावयाचे, आणि ते घट्ट झाल्यावर वरून मात्र भरपूर द्यावयाचे. दुसऱ्या दिवशीच स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवावे. कॉलमभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. उपरोक्त संहितेनुसार साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राख इत्यादी मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस ओल हवी. कोरड्या, कडक उन्हाळ्यात अनुक्रमे १० व १४ दिवस. ग्वाल्हेर व हैदराबादकडच्या उन्हाळ्यात हा दुसरा हिशेबच धरावा. बाजारातील पुष्कळसे सिमेंट मिश्र जातीचे असते, म्हणून पोत्यावरील प्रकार वाचून दिवस ठरवावेत. हे पाणी कोणी घालावयाचे तेही करारात असावे. नाही तर ठेकेदार मालकावर आणि मालक ठेकेदारावर विसंबून राहतो, आणि स्लॅब तहानलेला राहतो.

टेकू काढण्याचे दिवसही ठरलेले आहेत. साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. बीमचा गाळा सहा मीटरपर्यंत असेल तर १४, त्याहून मोठ्यास २१. मिश्र सिमेंटला याहून अधिक. इंजिनियरांनी लेखी सांगितल्याशिवाय एकही टेकू हलवू देऊ नये. टेकू घाईने काढले तर धोका केवळ आपल्या पैशांस नसतो; जो मजूर खाली उभा राहून ते काढतो त्याच्या जिवास तो प्रथम असतो. तोही कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष आहे, हे मालकाने विसरता कामा नये.

इतके करूनही काम बिघडले तर हात बांधून बसण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ धरलेली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते. तेथे करारपत्र, पावत्या, छायाचित्रे आणि ठोकळ्यांचा अहवाल यांना किंमत असते; “त्याने तोंडी कबूल केले होते” या वाक्याला फार थोडी.

मास्तरांचे घर आता नीट झाले आहे. बाल्कनी मात्र त्यांनी पुन्हा बांधली नाही. आपल्या ओळखीत कोणाचा स्लॅब असला की ती दोघे पतिपत्नी आपण होऊन तेथे जातात. मास्तर कव्हर ब्लॉक पाहतात. बाई खुर्ची घेऊन मिक्सरपाशी बसतात आणि बादल्या मोजतात. गेल्या खेपेस एका ठेकेदाराने त्यांना म्हटले, “बाई, उन्हात कशाला बसता? घरात चहा घ्या.” त्या म्हणाल्या, “चहा येथेच पाठवा.” आम्हीही त्या दिवशी तेथे होतो, आणि या खेपेस आम्ही नळीवर लक्ष ठेवून उभे होतो.